मागच्या आसनाची तक्रार

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास आमच्या मातोश्रींनी प्रथम तक्रार केली. तीर्थरूपांनी १९८६ साली घेतलेली अॅम्बॅसडर मोटार, नोंदणीचे वेळोवेळी नूतनीकरण करून, आमच्या घरी अद्याप चालती ठेवलेली आहे. मातोश्रींचे वय ब्याऐंशी. त्यांची जागा मागील आसनावर, डाव्या खिडकीशी ठरलेली. पलासियाहून राजवाड्याकडे येत असता त्या म्हणाल्या, "अरे, मागून कुणीतरी दार ठोठावल्यासारखं वाजतंय." आम्ही पुढे सुकाणूचक्रापाशी बसलेले; आम्हांस काही ऐकू आले नव्हते. "जुनी गाडी आहे आई, वाजायचीच," असे म्हणून आम्ही तो विषय संपविला. उत्तर सोयीचे होते, म्हणून दिले.

पंधरा दिवसांनी तोच आवाज आम्हांसही ऐकू येऊ लागला. कार्तिकी पौर्णिमेस ओंकारेश्वरी जाऊन नर्मदास्नान करावयाचे, हा मातोश्रींचा अनेक वर्षांचा नेम. इंदुरापासून ओंकारेश्वर सुमारे पाऊणशे किलोमीटर. वाटेत सिमरोलच्या पुढे भेरूघाटाचा उतार आणि वळणे. तेव्हा गाडी दाखविणे प्राप्त झाले. ज्या कार्यशाळेत आम्ही ती नेली तेथे कोणी ती चालवून पाहिली नाही. वर्णन ऐकताच "शॉकअप गेले" असा निकाल मिळाला आणि मागील दोन्ही शॉकअप नवे बसले. दोन-तीन दिवस आवाज कमी वाटला. चौथ्या दिवशी तो होता तसाच परत आला. पुन्हा गेलो, तेव्हा आता पाटेच समूळ बदलावे असा सल्ला मिळाला. आमचा विश्वास येथे डळमळला.

वाचकांपैकी अनेकांच्या दारी आज मोटार आहे, आणि मागून येणाऱ्या अशा खटखटीचा अनुभव त्यांनाही केव्हातरी येणारच. म्हणून या प्रसंगी आम्ही जे शिकलो ते येथे क्रमाने मांडीत आहोत.

मागील बाजूस असते तरी काय?

मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्रज मोटारीवरून घडविलेली अॅम्बॅसडर बंगालमधील उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार होत होती. तिच्या मागील दोन्ही चाकांना जोडणारा एक भक्कम आडवा आस असतो, आणि तो दोन बाजूंच्या दोन पाट्यांवर बांधलेला असतो. मुंबईच्या टॅक्सी म्हणून विख्यात झालेल्या प्रीमियर पद्मिनीचीही मागील रचना अशीच. ज्यास महाराष्ट्रात पाटे म्हणतात त्यास आमच्या माळव्यात 'कमानी' हे नाव आहे, आणि ते अधिक अर्थवाहक वाटते. पोलादाची लांबआखूड पाती एकावर एक रचून त्यांना धनुष्यासारखा बाक दिलेला असतो. भाराचा ताण मध्यभागी सर्वाधिक आणि टोकांकडे कमी. म्हणून पाती मध्ये सर्व आणि टोकांशी एखाददुसरेच, अशी ही योजना. घोडागाडीच्या काळापासून चालत आलेली ही युक्ती आजही मालमोटारींत दिसते.

या कमानीचे पुढील टोक गाडीच्या सांगाड्यास एका खिळीने जोडलेले असते. मागील टोक 'शॅकल' नावाच्या झुलत्या कडीवर असते, कारण कमान दबली की तिची लांबी वाढते आणि त्या वाढीस वाव हवा. प्रत्येक सांध्यात रबराचा बुश असतो. पाती एकमेकांस धरून ठेवणारा 'सेंटर बोल्ट' मधोमध आरपार जातो. त्याचे डोके आसाच्या बैठकीतील छिद्रात बसते आणि आस नेमका कोठे राहावा हे ठरविते. आस व कमान यांना आवळून धरण्याचे काम मात्र यू-बोल्टांचे. शॉकअप हा आणखी निराळा. कमानीने एकदा उसळी घेतली की ती झोके घेत राहील. नळीतील तेल बारीक छिद्रांतून ढकलून तो त्या झोक्यांचे शमन करतो. गाडीचा भार कमानीवर असतो, शॉकअपवर नसतो, हे ध्यानात ठेवले तर पुष्कळ गैरसमज टळतील.

ऐकण्याची रीत

एका स्नेह्यांच्या सांगण्यावरून आम्ही सियागंजाच्या पलीकडील एका गल्लीत कमानीचे काम करणाऱ्या वृद्ध कारागिराकडे गेलो. पाटे बदलण्याविषयी विचारताच ते म्हणाले, "माट्साब, पहले आवाज़ सुनाओ, फिर सामान की बात करेंगे." मग त्यांनी डिकीतील जॅक, पाने आणि जादा चाक काढून खाली ठेवविले, कारण सैल पडलेला जॅकही हुबेहूब अशीच खटखट करतो. त्यानंतर ते मागील आसनावर डाव्या खिडकीशी, म्हणजे मातोश्रींच्या जागी, जाऊन बसले आणि आम्हांस गाडी चालविण्यास सांगितले.

इंदुराजवळ पीथमपूर येथे नॅट्रॅक्स हे वाहनांच्या परीक्षणाचे राष्ट्रीय केंद्र आहे. तेथील ११.३ किलोमीटर लांबीच्या अतिवेगमार्गाचे उद्घाटन २९ जून २०२१ रोजी झाले. अशा केंद्रांत वेगवेगळ्या पृष्ठभागांचे मार्ग मुद्दाम बांधलेले असतात, कारण रस्ता ठाऊक असला तरच गाडीचा दोष ओळखता येतो. आमच्या कारागिराने हेच तत्त्व गल्लीत राबविले. प्रथम सपाट रस्त्यावर गाडी सुरू करून लगेच ब्रेक, मग बारीक खडबडीत जागेवर मंद गती, मग गतिरोधक, मग दोन्ही बाजूंस वळण. प्रत्येक वेळी आवाज आला की नाही, एवढेच ते सांगत.

त्या अर्ध्या तासात आम्हांस जी संगती लागली ती अशी. बारीक खाचखळग्यांवर मंद गतीने जाताना जलद टकटक होत असेल, तर शॉकअपच्या दोन्ही टोकांचे रबर किंवा शॅकलचे बुश झिजले असावेत. भरल्या गाडीने मोठ्या गतिरोधकावरून जाताना एकच जड धक्का बसत असेल, तर कमानीचा बाक बसला असून आस वरच्या रबरी ठोकळ्यावर आदळत आहे असे समजावे. गाडी निघताना एकदा आणि ब्रेक लावताना एकदा 'खट्' होत असेल, तर आस आपल्या जागेवरून हलत आहे किंवा प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस सैल आहे. ब्रेक किंचित दाबताच खडखड थांबत असेल, तर संशय ब्रेकच्या भागांवर घ्यावा. ठोका नसून नुसती कुरकुर असेल, तर पाती कोरडी पडली आहेत वा रबर कडक झाले आहे.

आमच्या गाडीचा आवाज निघताना आणि थांबताना येत होता. म्हणजे शॉकअपचा त्याच्याशी संबंध प्रथमपासूनच नव्हता.

पाहण्याची रीत

गाडी खड्ड्यावर उभी करून ते खाली उतरले. प्रथम त्यांनी प्रोपेलर शाफ्ट हाताने पिळून पाहिला. तो घट्ट होता. मग विजेरीचा प्रकाश एकेका सांध्यावर टाकला. जेथे लोखंडावर लोखंड सतत हलते तेथे गंजाची तांबूस भुकटी साचते; डाव्या यू-बोल्टांभोवती ती दिसली. पहारीच्या टोकाने आस व कमान यांच्यामध्ये हलका जोर देताच आस सरकला आणि तोच परिचित आवाज झाला. शेवटी पुढील चाके सरळ ठेवून पुढील चाकाच्या मध्यापासून मागील चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर त्यांनी दोन्ही बाजूंस मोजले. डावीकडे ते सुमारे अर्धा इंच अधिक भरले.

निदान पूर्ण झाले होते. यू-बोल्ट सैल झाल्याने सर्व ओढाताण सेंटर बोल्टवर आली होती, आणि तो मधोमध तुटला होता. आस केवळ सैल पकडीवर टिकून होता. अशा स्थितीत मागील चाके गाडीस आपल्या मर्जीप्रमाणे वळवू लागतात. सपाट रस्त्यावर तेवढे जाणवत नाही. पण उतारावर वळण घेताना जोराने ब्रेक लावावा लागला, तर आस एका बाजूने सरकून गाडी वाट सोडू शकते. पौर्णिमा चार दिवसांवर होती. नवीन शॉकअप बसवून, मनाने निश्चिंत होऊन, आम्ही याच गाडीतून मातोश्रींना घाट उतरविणार होतो. हा विचार मनात आला तेव्हा आम्ही खड्ड्याच्या कडेवर बसून घेतले.

दुरुस्तीतील पथ्ये

कमानी उतरवून पाती सुटी केली. एकही तडकलेले नव्हते. म्हणून पाटे बदलण्याचे कारण उरले नाही. नवा सेंटर बोल्ट, दोन्ही बाजूंस नवे यू-बोल्ट आणि शॅकलचे नवे बुश एवढ्यावर काम भागले. खर्च दोन शॉकअपांच्या किमतीच्या मानाने किरकोळ होता. या कामी जी पथ्ये कळली ती सर्वांस उपयोगी पडतील.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही, शिरू नये. भक्कम घोड्या लावाव्या आणि खाली राहिलेल्या चाकांस पुढून-मागून ठोकळे द्यावे. जुने यू-बोल्ट ताणलेले असतात, ते पुन्हा वापरू नयेत. नवे बसविताना चारही नट आलटून-पालटून थोडे थोडे आवळावे, आणि काहीशे किलोमीटर धावल्यावर पुन्हा तपासावे; पहिल्या धावेत बैठक थोडी दबतेच. रबरी बुशांचे बोल्ट अखेरचे आवळावयाचे ते गाडी चाकांवर उभी करूनच. गाडी लोंबकळत असताना आवळले, तर ती खाली येताच रबर पिळले जाते आणि लवकर फाटते. शॉकअप वा कमान बदलावयाची झाल्यास ती जोडीनेच बदलावी. पावसाळ्यापूर्वी गाडीच्या खाली जळके तेल फवारण्याची चाल आपल्याकडे पुष्कळ वर्षे होती. लोखंड त्याने राखले जाते. परंतु खनिज तेलाने रबर फुगते व मऊ पडते, हे आम्हांस त्या दिवशी प्रथम कळले. आमच्या गाडीचे बुश बहुधा त्या प्रेमळ सेवेनेच गेले असावेत.

अलीकडील लहान मोटारींत पाटे नसतात. तेथे मागे वेटोळ्याची स्प्रिंग आणि लवचिक आडवी तुळई असते. यू-बोल्ट नसले तरी परीक्षेची रीत तीच. डिकी रिकामी करावी, मागील आसनाची व दारांची कुलुपे आणि धूरनळीचे रबर पाहावे. मग शॉकअपच्या वरच्या टोकाची बैठक, तुळईचे दोन मोठे बुश आणि स्प्रिंगचे शेवटचे वेटोळे तुटले आहे काय, हे पाहावे. गाडीचा मागचा कोपरा दाबून सोडावा. एक-दीड झोक्यात ती स्थिर झाली नाही, तर शॉकअप थकला आहे असे समजावे. माळव्याच्या काळ्या मातीवरील रस्ते पावसात फुगतात आणि उन्हाळ्यात भेगाळतात. येथील गाड्यांची ही परीक्षा वर्षातून एकदा, पावसाळा सरल्यावर, अवश्य व्हावी.

एक जुनी गोष्ट

त्या दिवशी घरी परतताना आम्हांस एक वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली. तेव्हा आम्ही वर्गशिक्षक होतो. व्याकरणाच्या तासास मागच्या बाकाकडून सारखी टकटक येत होती. तेथे बसणारा एक मुलगा खोडकर म्हणून प्रसिद्ध होता. आम्ही काही न पाहता त्यास तासभर वर्गाबाहेर उभे केले. तो "मी नाही सर" एवढेच म्हणाला. पुढे काही दिवसांनी शिपायाने बाक उलटे करून दाखविले. एका पायाचा स्क्रू निघालेला होता, आणि कोणीही हलले की तो पाय फरशीवर वाजत होता. त्या अवधीत वडिलांच्या बदलीमुळे तो मुलगा शाळा सोडून गेला होता. त्याची क्षमा मागावयाची राहिली ती राहिलीच.

शॉकअपवर संशय घेणारा कारागीर आणि त्या मुलावर संशय घेणारे आम्ही, यांत काय अंतर? दोघांनीही ज्याचे नाव प्रथम ओठांवर आले त्यास दोषी ठरविले, आणि दोघांनीही मागे जाऊन, वाकून पाहण्याचे कष्ट घेतले नाहीत. खरा दोषी एक सैल झालेला लोखंडाचा तुकडा होता, तेथेही आणि येथेही.

पौर्णिमेस पहाटे आम्ही निघालो. सिमरोल मागे पडले, घाटाचा उतार लागला. प्रत्येक वळणावर ब्रेक लावताना आमचे कान मागे लागलेले. एकही ठोका आला नाही. तळाशी पोहोचल्यावर आम्ही विचारले, "आई, आता वाजतंय का काही?" उत्तर आले नाही म्हणून आरशात पाहिले, डाव्या खिडकीशी डोके टेकून त्यांना गाढ झोप लागली होती.