या हाताचं त्या हाताला

आमच्या शाळेत ‘पर्किन्स’ हे यंत्राचं नाव होतं. “बाई, पर्किन्स मोकळं आहे का?” असं पोरं विचारायची. करड्या रंगाचं, जवळजवळ पाच किलो वजनाचं ते ब्रेल लिहिण्याचं यंत्र. वर्गात एकच होतं, म्हणून त्याच्यासाठी पाळ्या लावाव्या लागत. अंध मुलांना शिकवण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. निवृत्तीनंतर लेकीकडे बॉस्टनला गेले तेव्हा तिनं विचारलं, “आई, काय काय बघायचंय?” मी म्हटलं, “आधी पर्किन्स.”

यंत्राला जिचं नाव मिळालं ती पर्किन्स अंधशाळा बॉस्टनच्या पश्चिमेला वॉटरटाऊनमध्ये आहे, चार्ल्स नदीच्या काठी. उंच मनोऱ्याची जुनी इमारत, भोवती झाडं. १९१२ साली शाळा इथं आली. तिची सनद मात्र १८२९ची, आणि पहिला वर्ग १८३२ साली शाळेचे पहिले संचालक डॉ. सॅम्युअल ग्रिडली हाव यांच्या वडिलांच्या घरात भरला. अमेरिकेतली ही पहिली अंधशाळा. पर्किन्स हे नाव आपलं राहतं घर शाळेला देणाऱ्या एका व्यापाऱ्याचं.

इथल्या संग्रहालयात वस्तूंना हात लावायचा असतो. १८३७ साली लाकडाचे शेकडो तुकडे जोडून केलेला पृथ्वीचा गोल तिथं आहे, घेर जवळजवळ तेरा फूट. मी डोळे मिटले आणि हिंदुस्थान शोधू लागले. समुद्र गुळगुळीत, जमीन उंचावलेली. पश्चिम किनाऱ्यावरून बोट खाली घसरत टोकाशी आलं, तेव्हा इतकी वर्षं भिंतीवरचा नकाशा तोंडानं समजावून सांगणारी मी गप्प झाले.

याच १८३७ साली लॉरा ब्रिजमन शाळेत आली. वय आठच्या आत. दोन वर्षांची असताना लाल तापानं तिची दृष्टी आणि श्रवण दोन्ही नेलं होतं. हावनी चमचा, किल्ली, सुरी अशा रोजच्या वस्तूंवर उठावाच्या अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. चिठ्ठी कुठल्या वस्तूची, हे लॉरा नुसत्या पाठांतरानं जुळवी. पुढे एकदा तिच्या ध्यानात आलं, की मनातलं दुसऱ्याला सांगायचं साधन आपल्या हाती आलं आहे. मग ती बोटांच्या खुणांनी तळहातावर शब्द लिहू लागली. १८४२ साली कादंबरीकार डिकन्स तिला भेटला आणि त्यानं आपल्या प्रवासवर्णनात तिच्याविषयी लिहिलं.

पण लॉराला बघायला लोकांची झुंबड उडे आणि शाळा तिला गर्दीपुढे बसवी, हे मला पटत नाही. मूल काय शिकलं ते दाखवावं. मूल दाखवायला मांडू नये. आमच्याकडेही पाहुणे आले की मुलांना गाणी म्हणायला उभं करत. तेव्हा मी बोलायला हवं होतं.

लॉरा जन्मभर शाळेतच राहिली. १८८० साली टूक्सबरीच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमातून ॲन सलिव्हन ही चौदा वर्षांची मुलगी तिथं आली. तिला जेमतेम दिसायचं. तळहातावर लिहिण्याच्या खुणा ती लॉराकडून शिकली. डिकन्सचं पुस्तक वाचून अलाबामातल्या एका आईला आपल्या बहिऱ्या-अंध मुलीविषयी आशा वाटली आणि अखेर शाळेकडे शिक्षिकेची मागणी आली. १८८७च्या मार्चमध्ये ॲन तिथं पोचली ती एक बाहुली घेऊन. बाहुलीचे कपडे लॉरानं शिवले होते. ‘बाहुली’ हाच शब्द ॲननं त्या मुलीच्या, हेलन केलरच्या, तळहातावर पहिल्यांदा लिहिला.

आज शाळेत तीन ते बावीस वर्षांची मुलं आहेत. बऱ्याच जणांना अंधत्वाबरोबर आणखीही अडचणी आहेत. काही बहिरी-अंध मुलांचं वेळापत्रक म्हणजे ओळीनं मांडलेले कप्पे असतात. एकात चमचा, म्हणजे जेवण. एकात टॉवेलचा तुकडा, म्हणजे पोहणं. काम झालं की मूल ती वस्तू ‘संपलं’च्या पेटीत टाकतं. आता पुढे काय, हे हाताला कळलं की मूल निवांत होतं.

आणि माझं यंत्र! ते केलं डेव्हिड अब्राहम यांनी. ते शाळेत सुतारकाम शिकवत. ब्रेल पाटीवर टोचून लिहायचं तर उजवीकडून डावीकडे, उलटं लिहावं लागतं आणि वाचायला कागद पालथा करावा लागतो. अब्राहमांच्या यंत्रात ठिपका खालून वर उठतो. लिहिलेलं तिथल्या तिथं बोटानं वाचता येतं. नमुना महायुद्धाआधी तयार होता, युद्धात काम अडलं, १९५१ साली यंत्रं बाहेर पडू लागली. पुढे ती तमिळनाडूत काटपाडीलाही तयार होऊ लागली, कुष्ठरोगातून बरे झालेल्यांच्या आणि अपंगांच्या पुनर्वसनासाठी उभ्या राहिलेल्या एका संस्थेत. कुष्ठरोग बोटांची संवेदना नेतो. बोटांनी वाचणाऱ्यांचं यंत्र अशा ठिकाणी घडावं, हे मी कधी विसरणार नाही.

बॉस्टनचा धागा मुंबईतही पोचला होता. दादरची अंधशाळा १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी काढली. ते मिशन ज्या संस्थेचं, ती बॉस्टनचीच होती.

निघताना तिथल्या एका अंध शिक्षिकेनं यंत्र पुढ्यात सरकवलं. मी कागद गुंडाळून घेतला आणि मुलांना पहिला शब्द शिकवायचे तोच लिहिला, कमळ. क ला डाव्या हाताची तर्जनी आणि अनामिका. म ला तीच दोन, आणि जोडीला उजवी तर्जनी. ळ ला डावा हात थांबतो, उजव्या हाताची तिन्ही बोटं एकदम पडतात.

तिनं कागदावर बोट फिरवलं. पहिली दोन अक्षरं तिला लागलीच कळली, इंग्रजीतही ती तशीच. तिसऱ्यावर बोट थांबलं. पुन्हा मागे जाऊन आलं, पुन्हा थांबलं.

“ळ,” मी म्हटलं.

तिनं म्हणून पाहिलं. जमलं नाही. मग माझा हात धरून म्हणाली, पुन्हा सांगा.