बिबट्याची चाहूल आणि कॅल्शियम

मांडवगण फराट्याच्या ऊसपट्ट्यात रात्री पाणी देताना बिबट्याची चाहूल लागली, की काळजात धस्स होऊन छाती धडधडू लागते. त्या धडधडीत मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून रक्तात उतरणाऱ्या अ‍ॅड्रिनलिन या संप्रेरकाचाही हात असतो. ग्रंथीच्या गाभ्यातील पेशींत ते पुटिकांत, म्हणजे सूक्ष्म पिशव्यांत, आधीच भरून ठेवलेले असते; मज्जातंतूंनी अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन सोडताच पेशीपटलावरील विद्युतदाब बदलतो, पटलातील कॅल्शियमच्या वाहिन्या उघडतात आणि पेशीबाहेर सुमारे १०,००० पट अधिक असलेले कॅल्शियम आत घुसून पुटिकांना पटलाशी एकजीव व्हायला लावते. कॅल्शियम केवळ हाडांपुरतेच, हा समज येथे तोकडा पडतो. संशोधक डग्लस आणि रुबिन यांनी १९६१ मध्ये मांजराच्या ग्रंथीतून कॅल्शियमविरहित द्राव खेळवला, तेव्हा अ‍ॅसिटिलकोलीन देऊनही स्राव जवळजवळ बंद पडला.