वर्गणी दिली, पुढे काय?

हैदराबादेतील नारायणगुडा येथे न्यायमूर्ती केशवराव कोरटकर यांच्या स्मरणार्थ १९४० साली केशव मेमोरियल शाळा निघाली. निजामी राजवटीत लोकांनी आपण होऊन केलेले हे कार्य होय.

शाळा काढणे लोकांच्या हाती, तसे ती सांभाळणेही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. अनुदानित शाळांत ही समिती केवळ सल्ला देते. पण तोही मोलाचाच.

म्हणून पालकहो, वर्गणी देऊन आपण मोकळे झालो असे समजू नये. मातांनीही सभेस जावे, हिशेब विचारावा. सातवीतील एखादी मुलगी शाळेत येईनाशी झाली, तर गुरुजींसह तिच्या घरी जावे. तेथे पैशापेक्षा शेजाऱ्याचा शब्द अधिक उपयोगी पडतो, असे आम्हांस वाटते.