पाडव्याची पहाट आणि दोन घड्याळं

30 मार्च 2025. गुढीपाडवा. पौडच्या पुढे, मुळशी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका वाडीत मी मावशीकडे आले आहे. सकाळचे सहा वाजून पंचवीस मिनिटं झालीत. अंगणात दादा वेळूच्या काठीला काठपदराची साडी बांधतोय. मावशी तांब्याचा गडू चिंचेनं घासून लख्ख करून बसलीय, कडुलिंबाचा डहाळा आणि साखरेची गाठी ताटात तयार आहे. डोंगराची कड उजळली आहे.

मावशीचा फोन माझ्या हातात आहे. त्यावर मी कालच दोन घड्याळं लावून दिली, एक आपलं आणि एक लंडनचं. तिची लेक लंडनशेजारी स्लाव गावात राहते, अडीच वर्षांचा नातू तिथेच वाढतोय. आपल्या घड्याळात सहा एकोणतीस, तिकडे रात्रीचे बारा एकोणसाठ. मी मावशीला हाक मारून पडदा दाखवते. आपले साडेसहा होतात आणि तिकडे एकदम दोन वाजतात. एक वाजतच नाही.

"मधला तास गेला कुठं गं?" मावशी विचारते.

"उन्हाळ्यासाठी पुढं ढकलला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत देतात."

"आणि तवर पोराच्या झोपंचं काय?"

दादा गुढी उभी करतो. आम्ही हळदकुंकू वाहतो. पण मावशीचा प्रश्न दिवसभर माझ्या मागे लागणार हे मला तिथंच कळतं, कारण याच घरात आणखी एक मूल आहे आणि तेही या क्षणी झोपेशी झगडतंय.

आतल्या खोलीत वहिनी लेकीला उठवतेय. पोरगी सहा वर्षांची, पहिलीत. गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते. शाळा एरवी साडेदहाला भरते. परवा, 28 मार्चला, शिक्षण विभागाचं पत्रक निघालं, की उन्हाचा तडाखा वाढतोय म्हणून राज्यातल्या प्राथमिक शाळा आता सकाळी सात ते सव्वाअकरा. उद्या ईदची सुट्टी. म्हणजे मंगळवारी, 1 एप्रिलला, हिनं सातच्या ठोक्याला वर्गात बसायचं. वहिनी आजपासूनच सवय लावायला बघतेय.

पोरगी न्हाणीतल्या पाटावर बसली आहे. वहिनी तेल चोळते तशी तिची मान डुलते. पाण्याचा पहिला तांब्या अंगावर पडतो, ती दचकून डोळे उघडते, पुन्हा मिटते. बाहेर आणून कडुलिंब, गूळ, ओवा यांची गोळी तोंडात घातली तर चावायचीसुद्धा विसरते. एका गालात गोळी, हनुवटीवरून हिरवी लाळ, पापण्या अर्ध्या. रात्री ती पावणेअकराला झोपली. पत्र्याचं घर दिवसभर तापतं आणि दहाशिवाय निवत नाही. सहाला उठवली म्हणजे सव्वासात तास झाले. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप हवी, असं झोपेचे डॉक्टर सांगतात. तीन ते पाच वर्षांच्यांना दुपारची झोप धरून दहा ते तेरा.

वहिनी स्वतःवरच चिडते. "कशी लावायची हो सवय? दोन दिवसांत?"

अकरा वाजून वीस मिनिटांनी मावशीचा फोन वाजतो. एरवी तो बाराच्या ठोक्याला येतो, नातू उठला की लगेच. गुरुवारपासून मात्र रोज थोडा थोडा अलीकडे येतोय, हे मावशीच्या लक्षात आलंय. कारण माझी ही मावसबहीण सांगते. तिनं चार दिवस आधीपासून तयारी चालवली. मुलाची झोपायची वेळ सातची. बुधवारी पावणेसात, गुरुवारी साडेसहा, शुक्रवारी सव्वासहा, काल सहा. जेवण, आंघोळ, गोष्टीचं पुस्तक, सगळं पंधरा-पंधरा मिनिटं अलीकडे. आज घड्याळ उडी मारून पुढे गेलं तेव्हा मुलाचं अंग जवळजवळ तिथं पोचलेलं होतं. नातू पडद्यावर दिसतो, केस विस्कटलेले, हातात केळं. गुढी बघून "झेंडा!" म्हणतो. मावशी खुदकन हसते.

"गेल्या वर्षी काहीच केलं नव्हतं गं," बहीण मला सांगते. "सातला अंथरुणात घातलं आणि नऊपर्यंत टक्क जागा. त्याच्या हिशेबानं तेव्हा सहाच वाजले होते ना. सकाळी नर्सरीत नेताना रडून रडून जीव नकोसा केला. आठवडा गेला सरळ व्हायला. ऑक्टोबरात उलटं. घड्याळ मागं येतं, पण हा जुन्याच वेळेला उठतो. पाच वाजता हजर."

त्याच्या हिशेबानं, हे तिचे शब्द मला नेमके वाटतात. प्रत्येक मुलाच्या मेंदूत एक घड्याळ असतं आणि त्याला चावी देतो उजेड. डोळ्यांत उजेड शिरतो, मेंदू दिवस धरतो. अंधार पडू लागला की मेलाटोनिन नावाचा स्राव वाढतो आणि शरीर झोपेकडे वळतं. लहान मुलांच्या डोळ्यांत मोठ्यांपेक्षा जास्त उजेड शिरतो, त्यामुळे संध्याकाळी डोळ्यांपुढचा दिवा किंवा मोबाईल त्यांची झोप मोठ्यांपेक्षा जास्त लांबवतो. मोठा माणूस चहा पिऊन एक तास रेटून नेतो. अडीच वर्षांच्या मुलाला ते जमत नाही, तो चिडचिड करतो आणि आपण म्हणतो हट्टी झालाय. त्याला बोल लावू नये.

स्लावमध्ये आज सूर्य साडेसातच्या सुमारास मावळेल. काल साडेसहालाच मावळला होता. म्हणून बहिणीनं खिडकीला जाड काळे पडदे लावले आहेत. बाहेर ऊन दिसत असताना रात्र झाली म्हणून सांगितलं तर मूल का ऐकेल?

ही घड्याळ हलवण्याची रीत युरोपात 1916 साली, पहिल्या महायुद्धात इंधन वाचवण्यासाठी सुरू झाली. आपल्याकडेही दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर 1942 पासून ऑक्टोबर 1945 पर्यंत, घड्याळं सलग एक तास पुढे होती. आता आपल्याकडे ती रीत नाही. आपल्या देशाची वेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि मुळशी त्याच्या नऊ अंश पश्चिमेला आहे. म्हणजे इथला सूर्य मुळातच घड्याळाच्या पस्तीसेक मिनिटं मागे चालतो. सातची शाळा इथल्या पोराच्या अंगाला साडेसहाच्याही आधीची लागते.

दुपारी पुरणपोळी होते, आंबेमोहोर भाताचा वास घरभर असतो. जेवताना दादा सांगतो की त्याचीही वेळ बदलणार. तो हिंजवडीत कामाला आहे, कंपनीचं गिऱ्हाईक इंग्लंडचं. हिवाळ्यात दुपारी दीड ते रात्री साडेदहा अशी पाळी असते, आता साडेबारा ते साडेनऊ. माण-घोटावडे मार्गे घरी यायला पाऊण तास लागतो. कामाच्या दिवशी लेक त्याची वाट बघत जागत बसते, तो आल्याशिवाय झोपत नाही. आता तो सव्वादहाला पोचेल. इंग्लंडच्या घड्याळानं या पोरीच्या पदरात एक तास टाकला, पण सातच्या शाळेला तेवढाही पुरायचा नाही.

मी बोटांवर मोजते. सातची शाळा म्हणजे पावणेसहाला उठणं. तिथून नऊ तास मागे गेलं की रात्रीचे पावणेनऊ. आणि पावणेनऊला या वाडीत चुलीवर भात चढलेला असतो.

मला हे पत्रक चुकीचं वाटत नाही. एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या वर्गात पोरं बसवणं त्याहून वाईट. आणि मुलांच्या झोपेचा विचार आपल्या राज्यात झालाच नाही असंही नाही. डिसेंबर 2023 मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी सकाळच्या शाळांमुळे मुलांची झोप पुरी होत नाही, हे बोलून दाखवलं आणि फेब्रुवारी 2024 मध्ये शासनानं चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. वर्षभरात तेच वर्ग उन्हापायी सातवर आले. साडेदहावरून सात, म्हणजे साडेतीन तासांची उडी, आणि हातात दोन दिवस. तिकडे एका तासासाठी आई चार दिवस खपते.

संध्याकाळी आम्ही ठरवतो, आजपासून जमेल तेवढं करायचं. सातला जेवण. आठनंतर टीव्ही बंद, मोबाईल बंद, माजघरातला मोठा दिवा बंद. अंगणात बाजेवर मावशी गोधडी अंथरते, कारण घराच्या आत अजून धग आहे. पोरगी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून गुढीचं काय झालं, गाठी कधी खायची, शाळेत डबा न्यायचा का, असं विचारत राहते. मावशी एकेकाचं उत्तर देते, आवाज हळूहळू खाली आणते. सव्वानऊला प्रश्न थांबतात. साडेनऊला हाताची मूठ सुटते. कालच्यापेक्षा सव्वा तास आधी. दादा तिला उचलून आत नेतो.

अकरा पन्नासला, म्हणजे स्लावमध्ये सात वीसला, फोन थरथरतो. आवाज बंद ठेवून बहीण कॅमेरा फिरवते. नातू पालथा झोपला आहे, एक पाय कठड्याला टेकलेला. काळ्या पडद्याच्या कडेनं उजेडाची एक बारीक रेघ भिंतीवर पडली आहे. बहीण पिन लावून तीही झाकते.

शिक्षणाधिकाऱ्यांना आणि मुख्याध्यापकांना माझी हात जोडून विनंती आहे. उन्हाळा काही अचानक येत नाही, सकाळच्या शाळेची तारीख निदान पंधरा दिवस आधी कळवा. आणि घरच्यांनो, पत्रक हाती पडलं की दप्तराच्या आधी रात्रीचं जेवण अलीकडे घ्या, रोज पाव तास.