दाव्याचा पीळ आणि पक्ष्याचं गाणं

खुंट्याला बांधलेलं वासरू एकाच दिशेनं फिरत राहिलं की दाव्याला पीळ पडतो, दावं आखूड होतं आणि वासरू अडकतं. आमच्या कासूच्या मुलांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. यावर जुना उपाय म्हणजे दाव्यात घातलेली, गरगर फिरणारी भोवरकडी.

पुण्याच्या आयसरमध्ये झेब्रा फिंच पक्ष्याच्या गाण्याचा अभ्यास चालतो. गाणं सुरू होण्याआधी मेंदूत काय बदलतं, यावर तिथल्या राघव राजन यांचा 2018 चा शोधनिबंध आहे. अशा कामात मेंदूत केसासारख्या बारीक तारा बसवतात आणि डोक्यावरून वायर वरच्या यंत्राकडे नेतात. पक्षी धरून ठेवला तर गाणारच नाही! मोकळा सोडला तर वळतो, उड्या मारतो, वायर पिळते.

म्हणून वर कम्युटेटर लावतात. (मोटारीतला कम्युटेटर प्रवाहाची दिशा बदलतो, हा नाही बदलत. मुलं इथे हमखास गोंधळतील.) यात धातूची कडी फिरते आणि तिला टेकलेल्या स्थिर पट्टीतून संकेत पुढे जातो. पण कडी फिरवायलाही जोर लागतो. वासरात तो असतो. हा पक्षी जेमतेम 12 ते 15 ग्रॅमचा, दहाच्या दोन नाण्यांएवढा! मग वायरला जरा पीळ बसला की सेन्सर ओळखतो आणि छोटी मोटार तेवढीच कडी फिरवते. मोटारीची विद्युत गडबड मात्र रोखावी लागते, कारण पेशींचे संकेत व्होल्टच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास असतात.

वर्गात सुतळीला खोडरबर बांधा, भरपूर पीळ द्या आणि सोडा. रबर उलटं गरगरतं ना, तोच जोर पक्ष्याच्या डोक्यावर आला असता.