अंगाला कळणारी कुस्ती

1948 साली खाशाबा जाधव लंडन ऑलिम्पिकमध्ये फ्लायवेट गटात सहावे आले. तोवर त्यांची कुस्ती मातीतली. गादीचा सराव नव्हताच म्हटलं तरी चालेल. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. या यशामागची जिद्द आपण सांगत आलो. मातीत मुरलेल्या अंगाला गादी ओळखायला शिकवणं, हे कष्ट मात्र कुणी फारसे मोजले नाहीत.

शाहू महाराजांच्या काळापासून कोल्हापूरच्या तालमींत पैलवान घडले ते हौद्यात. ताक, हळद, तेल घालून मळलेल्या मातीत पाय किंचित रुततो, उचलताना ओढ लागते. घामावर माती चोळली की पकड बसते. वेळेचं बंधन नसे, म्हणून खडाखडी लांबे. एक हात समोरच्याच्या मानेवर, दुसरा मनगटावर. बघणाऱ्याला वाटे, नुसती झोंबाझोंबी चाललीय. आत चाचपणी चालू असे: भार टाचेवर आहे की चवड्यावर, दम कुठं भरलाय, खांदा कधी ताठरतो. वस्तादही डाव तोंडानं कमी आणि अंगाला अंग लावून जास्त शिकवत.

ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी 1906 मध्ये शरीराच्या या आतल्या जाणिवेला शास्त्रीय नाव दिलं. स्नायूंतले संवेदक लांबी टिपतात, कंडरांतले ओढ टिपतात, आतला कान तोल सांभाळतो. मानेच्या खोल स्नायूंत असे संवेदक फार दाट असतात. मानेवर हात टाकून तोल बिघडवायची तालमीची रीत त्यामुळे अधिक उमगते. शिवाय डोळ्यांना दिसलेल्या हालचालीपेक्षा स्पर्शाला शरीर थोडं लवकर प्रतिसाद देतं. पट काढणाऱ्यासाठी तेवढी सवड पुष्कळ झाली.

1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत मारुती माने आणि गणपतराव आंदळकर यांनी प्रत्येकी एक सुवर्ण, एक रौप्य जिंकलं. मातीतलं अंग गादीवरही बोलतं, हे तेव्हाच सिद्ध झालं. पुढे गादीचे नियम वेगवान होत गेले. आज तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात आणि निष्क्रिय राहिलं की पंच ताकीद देतात. घामट अंगावर पकड निसटते, पाय रुतत नाही. तासाभराची चाचपणी काही सेकंदांत उरकावी लागते. हरिश्चंद्र बिराजदारांच्या हाताखाली तयार झालेल्या बीडच्या राहुल आवारेनं 2019 मध्ये जागतिक कांस्य जिंकलं, ते याच घाईच्या कुस्तीत.

स्पर्शाची ताकद पाहायची तर दृष्टिबाधितांचा ज्युडो पाहावा. 1988 च्या सोलपासून तो पॅरालिम्पिकमध्ये आहे. तिथं लढत सुरू होते ती दोघांनी एकमेकांची पकड घेतल्यावरच. 2024 मध्ये पॅरिसला कपिल परमारनं याच खेळात भारताला कांस्यपदक मिळवून दिलं.

महाराष्ट्र केसरीच्या गदेसाठी आजही माती विभागाचा विजेता गादी विभागाच्या विजेत्याशी भिडतो. माती श्रेष्ठ की गादी, हा वाद त्यामुळे दरवर्षी रंगतो आणि दरवर्षी निष्फळ ठरतो. मातीनं अंगाला ऐकायला शिकवलं, गादीनं झटपट उत्तर द्यायला. तेव्हा वस्तादांनो, पोरांना गादीवर लवकर न्या. पण रोज थोडा वेळ डोळे मिटून खडाखडी करून घ्या. दम आणि ताकद व्यायामानं येईल, ही जाण फक्त जोडीदाराच्या अंगाशी भिडूनच येते.