करिअरचा करंट, व्हाया वाशीम

ऑफिसात पाच मिनिटं लाइट गेली तरी आपण वैतागतो. एसी बंद, नेट बंद! पण वाशीमच्या शेतकऱ्याच्या पोराला विचारा. त्याचा प्रश्न असतो, लाइट येणार कधी? शेतीची वीज पाळीनं. रात्रपाळी लागली, की बाबा टॉर्च घेऊन मोटार सुरू करायला निघणार. साप-विंचवाचं टेन्शन वेगळंच!

असा पोरगा इलेक्ट्रिकलला जातो, तेव्हा घरचाच प्रश्न अभ्यासाला घेतो. पूर्वी फंडा सोपा होता : डिग्री घ्या, ‘बोर्डात’ चिकटा. जून २००५मध्ये बोर्डाचं विभाजन झालं. महानिर्मिती वीज बनवते, महापारेषण वाहून नेते, महावितरण घरोघरी पोचवते. आता त्यात सौरऊर्जाही आलीय. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून उभारलेल्या, एकूण १९ मेगावॉटच्या पाच सौर प्रकल्पांचं लोकार्पण वाशीम जिल्ह्यातूनच झालं, ५ ऑक्टोबर २०२४ला.

पण बॉस, सूर्य मावळल्यावर काय? ग्रिडमध्ये मागणी आणि पुरवठ्याचा मेळ क्षणोक्षणी बसवावा लागतो, फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झच्या आसपास राखावी लागते. म्हणूनच पॉवर सिस्टिम, प्रोटेक्शन, बॅटरी स्टोरेज हे विषय नुसते ‘स्कोअरिंग’ समजू नका.

बाबांची रात्रपाळी बंद करणारा जॉब! कुठल्या पॅकेजमध्ये बसतं हे?